फ्रीमेसन, लॉज आणि बंद दारामागचे विधी: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचक गटात ‘गुप्त संघटना’ हा विषय निघाला की गाडी पटकन दोन टोकांना जाते. काहींना वाटतं, जगाची सगळी सूत्रं तिथूनच हलतात. काहींना वाटतं, हा श्रीमंतांचा क्लब आहे, त्यावर वेळ कशाला घालवायचा? मला दोन्ही पटत नाही. बंद दारामागे शपथ घेऊन एकत्र येणाऱ्या माणसांबद्दल समाजाला काय वाटतं, त्यातलं खरं किती आणि बनाव किती, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कोल्हापूरकरांना तर जास्तच, का ते पुढे येईल. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

फ्रीमेसन म्हणजे नक्की कोण? पंथ, पक्ष, की क्लब?

ही पुरुषांची बंधुसंघटना आहे. सभासद एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात आणि शाखेला ‘लॉज’. जुन्या काळी युरोपात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांची हत्यारं त्यांनी प्रतीकं म्हणून घेतली. गुण्या म्हणजे सरळ वागणं, कर्कटक म्हणजे स्वतःला मर्यादेत ठेवणं, ओळंबा म्हणजे ताठ उभं राहणं. गुण्या आणि कर्कटक एकमेकांत गुंफलेलं त्यांचं चिन्ह तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच.

त्यांच्या परंपरेप्रमाणे २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवर देखरेख ठेवणारी मुख्य संस्था, स्थापन केलं. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन यांनी तयार केलेली नियमावली छापून निघाली. दगड घडवणारे हात तोवर मागे पडले होते आणि सरदार, डॉक्टर, व्यापारी आत आले होते.

मूळ पायऱ्या तीनच: शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. ‘तेहतिसावी डिग्री’ म्हणून जे ऐकता, ती स्कॉटिश राइट नावाच्या वेगळ्या जोड-परंपरेतली आहे.

आत नेमकं काय चालतं?

आधी खोली बघा. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. पूर्वेला लॉजच्या मास्टरची खुर्ची, पश्चिमेला आणि दक्षिणेला दोन वॉर्डन. दाराबाहेर एक सभासद तलवार घेऊन उभा असतो, त्याला टायलर म्हणतात. सगळ्यांच्या कमरेला एप्रन. नव्या माणसाचा एप्रन साधा पांढरा, कोकराच्या कातड्याचा. मध्यभागी धर्मग्रंथ. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता हे शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत आहे आणि ज्यानं त्यानं आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची.

बैठकीचा बराचसा वेळ इतिवृत्त, वर्गणी, आजारी सभासदांची चौकशी आणि मदतनिधी यांतच जातो. दीक्षाविधी असेल त्या दिवशी मात्र नाट्य असतं. पहिल्या पायरीचा विधी मला फार बोलका वाटतो. आत येण्याआधी माणसाकडची धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. नाणी, अंगठी, घड्याळ, सगळं. विधी सरत आला की त्याला ईशान्य कोपऱ्यात उभं करतात आणि सगळ्यांसमोर विचारतात, ‘गरिबांसाठी काही देणार का?’ तो खिसा चाचपतो. खिशात काही नसतं. मग त्याला सांगतात: द्यायची इच्छा असून हात रिकामा असण्याची ही अवस्था लक्षात ठेव, एखादा अडलेला माणूस दारात येईल तेव्हा आठव.

तिसऱ्या पायरीत बायबलमधल्या शलमोन राजाच्या मंदिराचा मुख्य शिल्पकार हिराम याची कथा आहे. तीन कामगार त्याच्याकडे उस्तादांची गुपितं मागतात, तो देत नाही आणि ते त्याला मारतात. नव्या सभासदाला हिरामच्या जागी झोपवतात आणि हात धरून उठवतात. ‘आत प्रेताचा विधी करतात’ ही अफवा उठायला एवढं पुरेसं होतं.

डोळ्यांना पट्टी, गळ्यात दोर, गळा चिरण्याची शपथ... हे खरं की खोटं?

पट्टी खरी. दोरही खरा. पूर्वीच्या शपथेत गुपित फोडणाऱ्याचा गळा चिरला जावो, जीभ उपटली जावो अशी भाषा होती, तेही खरं. पण ही शिक्षा लॉज कुणाला देत नसे, शपथ घेणारा ती स्वतःवर ओढवून घेण्याची भाषा बोलत असे. खुद्द मेसन मंडळींनाच ती खटकत होती. १९८६ मध्ये इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजनं या शारीरिक शिक्षा शपथेतून काढून टाकल्या. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. देवाच्या साक्षीनं असलं काही बोलायला लावायचं आणि वर ‘हे नुसतं प्रतीक आहे’ म्हणायचं, हे ऐकणाऱ्यानं का मानावं?

एवढं चांगलंच आहे तर लपवतात कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो.

लपवण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. १७३० मध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसानं लंडनमध्ये विधी छापून टाकले आणि तेव्हापासून ते कुणालाही वाचता येतात. आज गुप्त म्हणून जपतात त्या मुख्यतः ओळखीच्या खुणा: हात मिळवण्याची पद्धत, परवलीचे शब्द. गावोगाव फिरणाऱ्या पाथरवटाला आपण खरोखर शिकलेला कारागीर आहोत हे पटवायला अशा खुणा उपयोगी पडत, असं त्याचं मूळ सांगितलं जातं.

मग आता कशाला? कारण एकत्र केलेल्या विधीनं माणसं बांधली जातात. आपल्या तालमीत पाहा. पैलवान लाल मातीत उतरताना आधी माती कपाळाला लावतो, वस्तादाच्या पायाला हात लावतो. मातीत न उतरलेल्या माणसाला त्याचं वजन कळत नाही. ज्यानं ती माती अंगावर घेतली, त्याचं तालमीशी नातं जन्मभराचं. लॉजमधल्या विधीचं काम तेच आहे. फरक एवढा, की तालमीचं दार उघडं असतं, तिथे येणारा-जाणारा उभा राहून बघू शकतो. लॉजचं दार बंद, आणि बंद दाराबद्दल लोक बोलणारच.

आमची आजी सांगायची, पुण्यात लष्कर भागातल्या त्या बंगल्यात भुतं नाचवतात. असं का म्हणायचे?

पुण्याच्या लष्कर भागात आणि मुंबईत फोर्टात फ्रीमेसन्स हॉल आहेत. ब्रिटिश काळात साहेब लोक रात्री बग्गीतून यायचे, काळे कपडे, हातात पेटी, पेटीत एप्रन. खिडक्या बंद. नोकरांनाही आत प्रवेश नाही. उत्तर हिंदुस्थानात तर अशा इमारतीचं नावच ‘जादूघर’ पडलं होतं. आजींनी ऐकलेलं त्यांनी पुढे सांगितलं. ज्या राज्यकर्त्यांची भीती वाटते, त्यांच्या बंद खोलीबद्दल अशा कथा तयार होणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

हे लोक सैतानाची पूजा करतात ना?

नाही. त्यांच्या मुख्य परंपरेत एका परमेश्वरावर श्रद्धा असल्याशिवाय प्रवेशच नाही. त्याला ते ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हणतात आणि तो कोणत्या धर्माचा हे विचारत नाहीत. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई असते. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंट या मुख्य मेसन संस्थेनं १८७७ मध्ये देव मानण्याची अट काढून टाकली, तेव्हा इंग्लंडनं त्यांच्याशी संबंध तोडले. सैतानाला मानणारे लोक या मुद्द्यावर भांडले असते का?

सैतानाची गोष्ट पसरवली ती लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकानं. सैतानाला भजणारे मेसन, त्यांची उच्च पुजारीण असलं काय काय त्यानं वर्षानुवर्षं छापलं. लोकांनी ते खरं मानलं, चर्चमधल्या मोठ्या लोकांनीही. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भर सभेत त्यानं सांगून टाकलं की हे सगळं मी रचलं होतं. त्याला आता सव्वाशे वर्षं उलटली. त्यानं रचलेले तपशील आजही मोबाईलवर ‘पुरावा’ म्हणून फिरतात.

कॅथलिक चर्चचा विरोध मात्र वेगळा आणि जुना आहे. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३८ मध्ये बंदी घातली आणि १९८३ मध्ये व्हॅटिकननं ती भूमिका कायम असल्याचं सांगितलं. सगळे धर्म एका रांगेत ठेवणं आणि चर्चपासून लपवून शपथ घेणं, हे त्यांना मान्य नाही. हा विचारपूर्वक घेतलेला आक्षेप आहे. तो पटो न पटो, त्याची टॅक्सिलच्या बनावाशी गल्लत करू नये.

इल्युमिनाटी आणि फ्रीमेसन एकच का? डॉलरच्या नोटेवरचा डोळा?

इल्युमिनाटी ही जर्मनीतल्या बव्हेरियातली संघटना. ॲडम वाइसहाउप्ट या प्राध्यापकानं १ मे १७७६ रोजी सुरू केली. राजेशाही आणि धर्मसत्तेचा पगडा कमी व्हावा हा हेतू होता आणि त्यांनी लॉजमधून माणसं मिळवली हेही खरं. १७८४-८५ मध्ये तिथल्या राज्यकर्त्यानं बंदी घातली, संघटना मोडली. फ्रेंच राज्यक्रांती झाल्यावर १७९७ मध्ये दोन लेखकांनी ‘हे त्यांचंच कारस्थान’ असं लिहिलं आणि मेलेली संघटना गोष्टींमध्ये जिवंत झाली.

डोळा आणि पिरॅमिड अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून आहेत, नोटेवर १९३५ पासून. देवाची नजर म्हणून डोळा काढणं ही युरोपातली त्याहून जुनी ख्रिस्ती चित्रपद्धत आहे.

‘ज्यू आणि फ्रीमेसन मिळून जग चालवतात’ असं पुस्तकच आहे म्हणतात.

‘प्रोटोकॉल्स’ म्हणून जे सांगतात ते बनावट आहे. १९०३ मध्ये रशियात छापलं गेलं. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नं त्यातले उतारे आणि एका जुन्या फ्रेंच राजकीय पुस्तकातले उतारे शेजारी शेजारी छापून चोरी उघड केली. तरी नाझींनी ते वापरलं. ज्यूंचा संहार केला, मेसन लॉज बंद केली, अनेक मेसन छळछावण्यांत गेले.

म्हणून हा मेसेज ‘इंटरेस्टिंग आहे’ म्हणून पुढे ढकलणाऱ्यांवर मी चिडतो. आपल्या कोकणात शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे बेने इस्राएल लोक मराठीच बोलतात. तो मेसेज त्यांच्याबद्दलही आहे.

म्हणजे लोकांचा सगळा संशय खोटाच?

अजिबात नाही. दोन प्रकरणं माहीत असायलाच हवीत.

पहिलं अमेरिकेतलं. १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन यानं मेसनांची गुपितं छापणार असं जाहीर केलं. किरकोळ कर्जासाठी त्याला तुरुंगात टाकलं, तिथून बाहेर काढून पळवलं, आणि तो पुन्हा कधीही दिसला नाही. पळवणाऱ्यांना झालेल्या शिक्षा फार हलक्या होत्या. लोकांचा संताप पाहा: त्यातून मेसनविरोधी राजकीय पक्ष उभा राहिला. लोक विधींवर चिडले नव्हते. शेरीफ, न्यायाधीश, ज्युरी यांत मेसन बसलेत आणि ते आपल्या माणसाला वाचवताहेत, यावर चिडले होते.

दुसरं इटलीतलं. ‘प्रोपगांडा ड्यू’, थोडक्यात पी-टू नावाचं लॉज. लिचो जेल्ली त्याचा प्रमुख. इटलीच्या ग्रँड ओरिएंटनं १९७६ मध्येच ते निलंबित केलं होतं, पण जेल्लीनं ते चालूच ठेवलं. मार्च १९८१ मध्ये पोलिसांना त्याच्याकडे ९६२ नावांची यादी सापडली. मंत्री, खासदार, लष्कराचे आणि गुप्तचर खात्याचे प्रमुख, संपादक, उद्योगपती. सरकार पडलं. १९८२ मध्ये इटलीनं गुप्त संघटनांवर बंदीचा कायदा केला.

दोन्हीकडे दुखणं एकच होतं. सार्वजनिक खुर्चीवर बसलेल्या माणसानं दुसरी, न सांगितलेली निष्ठा वाहिली होती. कवट्या, दोर, मेणबत्त्या हे सगळं त्यापुढे गौण आहे.

भारतात हे कधी आलं? आपल्या लोकांना आत घेत होते का?

१७३० च्या सुमारास कलकत्त्यात, कंपनीच्या माणसांबरोबर. ‘सर्व माणसं भाऊ’ असं पुस्तकात होतं, दारात मात्र वर्ण पाहिला जात होता. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेशासाठी झगडावं लागलं. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, ते भारतीयांना घेण्यासाठीच. बंगालमध्ये हिंदूंना ‘तुम्ही अनेक देव मानता’ म्हणून अडवलं जाई. प्रसन्नकुमार दत्त यांनी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून १८७२ मध्ये ते दार उघडायला लावलं.

पुढे नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे नंतरचे स्वामी विवेकानंद, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये दाखल झाले. मोतीलाल नेहरू मेसन होते, फिरोजशहा मेहताही. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं आणि रामपूरचे नवाब त्याचे पहिले ग्रँड मास्टर झाले.

या सगळ्याचा कोल्हापूरशी काय संबंध?

मंत्र कुणी म्हणायचे आणि कुणी ऐकायचे यावरून या शहरात जेवढं रण माजलं, तेवढं फार थोड्या ठिकाणी माजलं असेल.

१८९९ चा कार्तिक महिना. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले. भटजी मंत्र म्हणत होते ते पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले, वेदांतले (वेदोक्त) नव्हेत. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी ते लक्षात आणून दिलं. महाराजांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं की शूद्रांना वेदोक्त चालत नाही. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच राज्यात, त्याच्याच घाटावर हे ऐकावं लागलं. वाद वर्षानुवर्षं चालला, पुण्यापर्यंत गेला, राजोपाध्यांची वतनं जप्त झाली. महाराजांनी पुढे सत्यशोधक चळवळीला बळ दिलं, १९२० मध्ये स्वतंत्र क्षात्रजगद्गुरू नेमला.

वेद काही चोरून ठेवलेले नव्हते, छापील मिळत होते. तरी ‘हे आमचं, तुमचं नाही’ असं म्हणता येण्यातच सत्ता होती. म्हणून कुठल्याही बंद विधीबद्दल माझा पहिला प्रश्न आत काय चालतं हा नसतो. दाराबाहेर राहिलेल्या माणसाचं काय जातं, हे मी विचारतो. त्याचा मान कमी होतो का? नोकरी, टेंडर, न्याय यांत तो मागे पडतो का? पी-टूच्या बाबतीत उत्तर ‘हो’. शनिवारी संध्याकाळी एप्रन घालून जुनं नाटक करणाऱ्या आणि शाळेला वर्गणी देणाऱ्या पंधरावीस माणसांच्या बाबतीत ‘नाही’. ज्योतिबांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला तेव्हाही सभासदांना शपथ होतीच. पण ती उघड होती आणि माणूस आणि देव यांच्यात दलाल नको म्हणणारी होती. शपथ म्हणून शपथेला माझा विरोध नाही.

बायकांना घेतात का?

ग्रँड लॉज ऑफ इंडियात नाही. फ्रान्समध्ये १८९३ मध्ये स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा निघाली, ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली. इंग्लंडमध्ये १९०८ मध्ये सुरू झालेली एक मेसन संघटना आता फक्त स्त्रियांची आहे. बंधुभाव सांगणाऱ्यांनी निम्म्या माणसांना बाहेर ठेवणं मला पटत नाही आणि ‘परंपरा आहे’ हे उत्तर कोल्हापुरात तरी पुरत नाही.

रोटरी, लायन्स म्हणजे हेच का?

नाही. रोटरी १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी सुरू केली, लायन्स १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांनी. बैठका उघड, दीक्षाविधी नाही, परवलीचा शब्द नाही. कोटावरची पिन पाहून गैरसमज होतो, बाकी काही नाही.

जादूटोणाविरोधी कायद्यात हे विधी बसतात का?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या या कायद्याला अनुसूची आहे, तिच्यात गुन्हे नेमके सांगितलेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, नरबळी, चमत्काराचा दावा करून फसवणूक, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, असे. स्वखुशीनं आलेल्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांना पट्टी बांधून नाटक करणं त्यात येत नाही. संघटना बांधण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे. उद्या अशा विधीत कुणाला मारलं, लुबाडलं किंवा जबरदस्तीनं कोंडून ठेवलं, तर तो गुन्हाच, मग दारावर पाटी कुणाचीही असो.

कोल्हापूरच्या माणसाला सभासद व्हायचं असेल तर? काय बघावं?

कोल्हापूर ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागात येतं, त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. चौकशी तिथे करावी. ओळखीच्या सभासदाची शिफारस लागते, भेटी होतात, मग गुप्त मतदान. पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची.

फ्रीमेसन असो की दुसरं कुठलंही मंडळ, नाव घालण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. न्यासाची नोंद धर्मादाय कार्यालयात तपासता येते. शपथेचा मजकूर आधी वाचायला मिळेल का ते विचारा. घरच्यांना सांगू नका असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. आणि तुम्ही सरकारी नोकर, पोलीस किंवा न्यायखात्यात असाल, तर सभासदत्व उघडपणे सांगायची तयारी ठेवा. ते सांगायला जीभ अडत असेल तर जाऊ नका.

मुलाला व्हॉट्सॲपवर ‘इल्युमिनाटीत या, करोडपती व्हा’ असा मेसेज आलाय. काय करू?

तो सरळ फसवणुकीचा धंदा आहे. असाच एक मेसेज राजारामपुरीतल्या एका कॉलेजच्या पोरानं मला दाखवला. वर त्रिकोणातला डोळा, खाली परदेशी नंबर, ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’, आणि मग नोंदणी फी. फी भरली की प्रमाणपत्राचे पैसे, मग ‘डॉलर सोडवण्यासाठी’ कस्टमचे पैसे. शेवटी धमकी: शपथ मोडलीस तर घरच्यांचं वाईट होईल. पोरगा पैशापेक्षा त्या शेवटच्या ओळीनं हादरला होता.

पोरावर ओरडू नका, ओरडलात तर पुढचा मेसेज तो दाखवणार नाही. आधी त्याला सांगा की अशी शपथ कुणालाही बांधत नाही आणि असं काही होत नसतं. नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्या चॅटचे आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात स्क्रीनशॉट घेऊन जा. मुलगा अठराच्या आतला असेल तर तुम्ही सोबत जा.